गाडीत शिरतानाचा पहिला श्वास

गाडीचं काही बिघडलं की दिवा लागतो किंवा आवाज येतो, असं आपण धरून चालतो. ऑइलचा दाब उतरला की लाल दिवा, पट्टा सैल झाला की किंचाळी. वासासाठी मात्र डॅशबोर्डवर कुठलाच दिवा नसतो. तिथे भिस्त फक्त आपल्या नाकावर. पुणे ते सावंतवाडी हा रस्ता मी वर्षानुवर्षं स्वतः गाडी चालवत जाते. निपाणीपर्यंत हायवे, मग आजरा, आंबोलीचा घाट, खाली दाणोली आणि मग घर. या रस्त्याने, आणि आमच्या मिस्त्रींनी, वासांबद्दल जे शिकवलं ते जमेल तसं लिहून ठेवते आहे. तुमच्या रस्त्यावरचे वास थोडे वेगळे असतील.

१. नाक फार लवकर सरावतं. कुठल्याही वासात काही मिनिटं बसलं की तो फिका होत जातो, मग नाहीसाच होतो. हवेत तो तेवढाच असतो, जाणवायचा थांबतो तो आपल्याला. गंधाची संवेदना कशी चालते याचा उलगडा केल्याबद्दल रिचर्ड अ‍ॅक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ साली नोबेल मिळालं. रंग ओळखायला डोळ्यात तीन प्रकारच्या पेशी पुरतात, पण गंधासाठी माणसाच्या नाकात सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक असतात. एवढा सरंजाम असूनही मेंदू नव्या वासाकडे लक्ष देतो आणि टिकून राहिलेल्या वासाला बाजूला सारतो. एरवी ही सोयच आहे, नाहीतर स्वयंपाकघरात उभं राहवलं नसतं. गाडीत मात्र याच सोयीची धास्ती वाटते. पेट्रोलचा हलका दर्प खेड शिवापूरला जाणवतो आणि साताऱ्याच्या आसपास ‘गेला वाटतं’ असं वाटू लागतं.

म्हणून चहाला थांबले की परत बसताना दार उघडल्या उघडल्या मी एक श्वास मुद्दाम घेते, एसी लावायच्या आधी. आणि वाटेत बसलेलं कुणी ‘कसला तरी वास येतोय’ म्हणालं, तर ‘मला नाही बाई येत’ असं म्हणत नाही. बाहेरच्या हवेतून नुकतंच आत आलेलं नाक त्या घटकेला माझ्या नाकापेक्षा खरं असतं. आई मागच्या सीटवर असते तेव्हा मला निर्धास्त वाटतं. दूध उतू जायच्या आधी लागणार आहे हे ओळखणारं तिचं नाक आहे, आणि ती बोलायला संकोचत नाही. धाकट्या भावाची वास घेण्याची शक्ती करोनात गेली ती कित्येक महिने परतली नव्हती. तेवढ्या काळात तो लांबच्या प्रवासाला एकटा गाडी नेत नसे, कुणालातरी सोबत घेई. त्याचं ते वागणं मला फार शहाणपणाचं वाटलं.

२. आधी ठरवायचं, वास गाडीचा आहे की रस्त्याचा. हे सोपं वाटतं, पण महाराष्ट्राच्या रस्त्यांवर सोपं नाही. मुंबई-गोवा महामार्गावर महाड आणि लोटे इथे रासायनिक कारखान्यांच्या वसाहती आहेत, सोलापूर रस्त्यावर कुरकुंभ आहे. तिथली हवा खिडकीतून आली की काहीतरी जळतंय किंवा नासलंय असंच वाटतं. कराडपासून कोल्हापूरपर्यंत गाळपाच्या हंगामात मळीचा आंबूस-गोड वास मैलोन्‌मैल सोबत असतो. त्यात पुढे जुना ट्रक असेल तर त्याच्या क्लचचा, ब्रेकचा, धुराचा वास आपल्याच गाडीचा वाटतो.

माझी पद्धत साधी आहे. एसीचं बटण ‘आतली हवा आतच’ या बाजूला करायचं, पुढच्या वाहनापासून चांगलं अंतर घ्यायचं आणि थोडं पुढे जाऊन बघायचं. वास मागे राहिला तर तो रस्त्याचा. सोबत आला तर थांबायचं, उतरायचं, गाडीभोवती एक फेरी मारायची. बॉनेटच्या फटीशी, चारही चाकांपाशी, मागे डिकीजवळ. वास जिथे दाट असेल तिथून अर्धं उत्तर मिळतं. ज्या गावांना तो रस्त्याचा वास रोज घ्यावा लागतो त्यांचा विचार मात्र पुढे गेल्यावरही मनातून जात नाही.

३. वास कसला आहे यापेक्षा तो कधी येतो हे सांगणं जास्त उपयोगाचं. हे आमच्या मिस्त्रींचं. गॅरेजमध्ये गेलं की मी वर्णन सुरू करायची, जळका, थोडा गोड, थोडा रबरासारखा... ते ऐकून घेत आणि म्हणत, “ताई, कसला ते मी बघतो. कधी येतो तेवढं सांगा.” त्यांचं म्हणणं असं की वासाचं वर्णन दहा माणसं दहा प्रकारे करतात, वेळ मात्र सगळ्यांची सारखी असते.

तेव्हापासून मी वेळ लक्षात ठेवते, आणि खरंच त्यातून पुष्कळ उलगडतं. सकाळी थंड इंजिन चालू करताना पेट्रोलचा वास येतो आणि मग जातो, म्हणजे इंजेक्टरच्या रबरी रिंगा किंवा पाइपाचे जोड बघायला हवेत. चालत्या गाडीत काही नाही पण सिग्नलला उभं राहिलं की जळक्या तेलाचा वास आत येतो, तेव्हा बहुतेक वेळा टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलेलं असतं. तेल थेंबाथेंबाने तापलेल्या एक्झॉस्टवर पडत असतं, वेगात वारा तो वास मागे नेतो आणि थांबलं की ब्लोअर तो आत ओढतो. एसी लावल्यावर पहिली दोन मिनिटंच कुबट येत असेल तर कूलिंग कॉइल. चढ संपल्यावर आला तर क्लच, उतार संपल्यावर आला तर ब्रेक. टाकी काठोकाठ भरल्यावरच पेट्रोलचा वास येत असेल तर टाकीच्या झाकणाचं रबर, किंवा टाकीतली वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा. नोझल एकदा आपोआप बंद पडलं की ‘राउंड फिगर करू का?’ या प्रश्नाला नाही म्हणावं, असं मिस्त्री नेहमी सांगतात. त्या डब्यात वाफ जायला हवी, पेट्रोल नाही.

बीएस-६ची डिझेल गाडी घेतलेल्या मैत्रिणीने एकदा घाबरून फोन केला होता. इंजिन बंद केलं तरी पंखा चालूच आणि भट्टीसारखा तापल्याचा वास. वेळ विचारली तेव्हा कळलं, हायवेवर बराच वेळ गाडी चालवून ती नुकतीच सोसायटीत शिरली होती. या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते आणि साठलेली काजळी गाडी स्वतःच सुमारे ६०० अंश सेल्सिअसला जाळून टाकते. ते काम अर्ध्यात थांबलं की असा वास येतो. तो बिघाड नव्हे. पण अशी तापलेली गाडी वाळलेल्या गवतावर उभी करायची नाही, एवढं तिला सांगितलं.

४. घाटात गाडी चढताना एक वास देते आणि उतरताना दुसरा. दोन्हींचा अर्थ वेगळा आहे आणि दोन्ही लक्ष देऊन ऐकण्यासारखे आहेत. ऐकण्यासारखे असंच म्हणावंसं वाटतं, इतकं ते स्पष्ट बोलणं असतं.

चढताना येतो तो क्लचचा, जळक्या कागदासारखा, घशाशी लागणारा. क्लच प्लेटवरचं अस्तर राळेने बांधलेलं असतं. प्लेट घसरत राहिली की ती राळ तापते आणि जळते. पावसाळ्यातल्या रविवारी आंबोलीच्या धबधब्यापाशी गाड्यांची रांग लागते, दोन पावलं पुढे, थांबा, दोन पावलं पुढे. अशा वेळी हाफ क्लचवर गाडी तोलून धरायचा मोह होतो. त्यापेक्षा हँडब्रेक ओढून पूर्ण थांबावं, पुढे चांगली जागा झाली की एकदाच नीट उचलावी. आपोआप गिअर बदलणाऱ्या स्वस्त गाड्या, ज्यांना एएमटी म्हणतात, त्यांतही आत साधा क्लचच असतो. चढावर ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबून गाडी धरून ठेवली तर तोही तसाच जळतो, हे पुष्कळांना कुणी सांगितलेलंच नसतं. एकदा वास आला म्हणजे प्लेट गेली असं नाही. बाजूला घ्यावी, न्यूट्रलमध्ये पाय काढून थोडी विश्रांती द्यावी. पण रेज दिल्यावर इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी मात्र त्या मानाने पळत नाही, असं दिसलं तर घाटात शिरायचंच नाही, वर्कशॉप गाठायचं.

उतरताना येतो तो ब्रेकचा, जास्त तिखट, तापलेल्या धातूचा आणि रसायनाचा मिळून. या वासाला मी फार मानते, कारण त्याच्या मागून येते ती गोष्ट जीवघेणी असते. ब्रेक सतत दाबून ठेवले की पॅड तापतात आणि त्यांची पकड उतरते. त्याहून वाईट म्हणजे ब्रेकऑइल उकळतं. डॉट-३ जातीचं ताजं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत टिकतं, डॉट-४ किमान २३० पर्यंत. पण हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि तसं ओलावलं की त्यांच्या मर्यादा १४० आणि १५५ पर्यंत खाली येऊ शकतात. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल तळाला जातं आणि गाडी थांबत नाही. कोकणच्या दमट हवेत राहणाऱ्या गाडीचं ब्रेकऑइल दर दोन वर्षांनी बदलावं, असं मिस्त्री सांगतात ते उगाच नाही.

उपाय जुना आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच्या आसपासच्या गिअरमध्ये उतरा, इंजिनाला गाडी अडवू द्या, ब्रेक अधूनमधून घट्ट दाबून सोडा. तरी आजही बोरघाटात अवजड ट्रक डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरतात आणि खोपोलीच्या बाजूला त्यांचे ब्रेक जातात. किती घरं त्यात उद्ध्वस्त झाली. आणि ज्यासाठी हे करायचं ती बचतही होत नाही. आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंदच होतो. न्यूट्रल केलं तर इंजिन चालू ठेवायला उलट थोडं इंधन लागतं. प्रत्येक ड्रायव्हरला, प्रत्येक मालकाला हे कुणीतरी समोर बसवून सांगायला हवं.

वास आलाच तर सपाट जागी थांबावं, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा आणि ब्रेक आपोआप निवू द्यावेत. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, ती वाकते. मग तळहात चाकाजवळ न्यावा, टेकवू नये. पुढची दोन्ही चाकं सारखी तापली असतील तर ते घाटाचं आणि चालवण्याचं काम. एकच चाक भाजत असेल तर कॅलिपर जाम आहे किंवा हँडब्रेक सुटलेला नाही. निघताना लावलेला दगड उचलून कडेला टाकावा. घाटात रस्त्यावर तसेच राहिलेले दगड रात्री दुचाकीवाल्यांचा जीव घेतात.

५. गोड वास आला की सावध व्हायचं. कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं आणि गरम झाल्यावर त्याला पाकासारखा गोडसर वास येतो. बॉनेटमधून आला तर होज पाइप, त्याच्या क्लिपा, रेडिएटर, वॉटर पंप. पण कधीकधी तो एसीच्या जाळीतून थेट आत येतो, समोरच्या काचेवर आतून तेलकट धुकं धरतं आणि पुसलं तरी पट्टे राहतात. तेव्हा डॅशबोर्डच्या आतली हीटरची छोटी जाळी गळत असते. आपल्याकडे हीटर कोण लावतं, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. बऱ्याच गाड्यांत कूलंट मात्र तिच्यातून फिरत असतं.

असा वास येत असेल तर तापमानाच्या काट्यावर नजर ठेवायची आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना कदापि उघडायचं नाही. आत दाब असल्यामुळे पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं. झाकण फिरवलं की ते एका क्षणात वाफ होऊन चेहऱ्यावर येतं. इंजिन पूर्ण गार होईपर्यंत थांबावं, मग जाडसर फडकं टाकून हळूच. रात्री गाडीखाली पुठ्ठा घालून ठेवला तर सकाळी डागावरून बरंच कळतं. हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी डाग कूलंटचा, काळपट इंजिन ऑइलचा, आणि नुसतं स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं. कूलंटचा डाग मात्र लगेच धुवावा. चवीलाही ते गोड असतं, गल्लीतली कुत्री-मांजरं चाटतात, आणि थोडंसंही त्यांच्या मूत्रपिंडांना पुरून उरतं.

६. पेट्रोल आणि गॅस यांच्या वासाला ‘बघू पुढे’ नाही. बाकी बहुतेक वासांना मी थोडा वेळ देते, यांना नाही. पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्या हवेत ती कायमच पेटायला तयार असते. ती हवेपेक्षा जड, खाली साठून राहते. टाकी भरताना हातावर, बुटावर सांडलेलं पेट्रोल पाच-दहा मिनिटांत उडून जातं. त्यानंतरही वास राहिला तर गाडी कडेला, किल्ली बंद, सगळे बाहेर, आणि नंतर टोइंगची गाडी.

सीएनजीचं थोडं वेगळं आहे. मुळात या वायूला वासच नाही. आपल्याला येतो तो कुजक्या कोबीसारखा दर्प मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टन या रसायनाचा. याच्यामागे फार मोठं दुःख आहे. अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन या गावात १८ मार्च १९३७ रोजी शाळेच्या इमारतीखाली नैसर्गिक वायू साठला होता, कुणालाही वास आला नाही, आणि स्फोटात सुमारे तीनशे जण गेले, त्यांत बहुतेक मुलं. त्यानंतर टेक्सासमध्ये वायूला वास देणं कायद्याने बंधनकारक झालं आणि ती पद्धत पुढे जगभर पसरली. आपल्या डिकीत गॅसचा दर्प येतो तेव्हा त्या मुलांच्या मृत्यूतून निघालेली सूचना आपल्यापर्यंत पोचत असते, असं मला वाटतं. ती मानायची. हवेत सुमारे पाच टक्के मिथेन, म्हणजे सीएनजीतला मुख्य वायू, झाला की तो पेटू शकतो, आणि त्याच्या कितीतरी आधी नाकाला कळावं एवढा वास त्यात घातलेला असतो. तो वेळ आपल्यासाठी राखून ठेवलेला आहे.

वास आला की इंजिन बंद करायचं, सिलिंडरचा कॉक बंद करायचा, दारं-डिकी उघडी टाकायची, गाडीत एकही बटण दाबायचं नाही. मिथेन हलका असतो, मोकळ्या जागी लवकर वर निघून जातो. अडचण तळघरातल्या पार्किंगची, तिथे गाडी न्यायची नाही. सिलिंडरमध्ये २०० बारचा दाब असतो, आणि दर तीन वर्षांनी त्याची हायड्रो टेस्ट करायची असते. सेकंडहँड सीएनजी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला मी आधी टेस्टची तारीख बघायला सांगते, मग रंग आणि किलोमीटर.

७. प्लास्टिक जळाल्याचा वास दोन टोकांचा असतो. एका टोकाला रस्त्यावरची कॅरीबॅग उडून सायलेन्सरला चिकटलेली असते, थंड झाल्यावर काडीने खरवडली की काम झालं. दुसऱ्या टोकाला वायरिंग. दोन्हींचा वास नाकाला सारखाच, म्हणून दुसरंच आहे असं धरून चालायचं. पहिलं काम दारांची लॉक उघडणं आणि काचा खाली घेणं, कारण वायर पुढे जळली तर ती बटणं चालतील याची खात्री नाही. मग कडेला घेऊन किल्ली बंद करायची, सगळ्यांना उतरवून रहदारीपासून लांब उभं करायचं. बॉनेटमधून धूर येत असेल तर ते सताड उघडायचं नाही. आत अडलेली आग बाहेरची हवा मिळाली की उसळते. गाडी पूर्ण सोडून ११२ला फोन करावा. सामान राहू द्यावं.

बहुतेक वेळा याचं मूळ नंतर बसवलेल्या गोष्टींत असतं. मोठे हॉर्न, जादा दिवे, वायर कापून जोडलेली म्युझिक सिस्टिम. फ्यूज सारखा उडतो म्हणून कुणीतरी १० अँपिअरच्या लाल फ्यूजच्या जागी २०चा पिवळा बसवून देतो. मग फ्यूज उडत नाही, त्याच्याऐवजी वायर जळते. जो फ्यूज उडतो तो काहीतरी सांगतोय, त्याला गप्प करायचं नाही.

आणि उंदीर. पावसाळ्यात उभ्या गाडीच्या उबेला ते येतात आणि वायरींचं आवरण कुरतडतात. बॉनेटमध्ये तंबाखूच्या पुड्या लटकवणारे आमच्या सोसायटीत पुष्कळ आहेत. काहींना गुण येतो, काहींच्या पुड्याच उंदीर उचलून नेतात. मला भरवशाचं वाटतं ते एवढंच की गाडी दोन-चार दिवसांआड हलवावी आणि बॉनेट उघडून टॉर्च मारावी.

८. कुबट वास मारायचा नसतो, वाळवायचा असतो. एसीच्या कूलिंग कॉइलवर हवेतलं पाणी साठतं, त्यात धूळ, त्यावर बुरशी आणि जिवाणू. सावंतवाडीला जून ते सप्टेंबर ही मंडळी सुखाने नांदतात. घर पाच मिनिटांवर आलं की मी एसी बंद करून पंखा तेवढा चालू ठेवते, कॉइल कोरडी होते. ग्लोव्ह बॉक्समागचा फिल्टर बदलते, काचेखालच्या जाळीत अडकलेली पानं काढते, आणि पाणी निघायची नळी तुंबलेली नाही ना बघते. पायाखालचं कार्पेट ओलं लागलं तर समजावं नळी तुंबली. कार्पेटखालचा फोम उन्हात सुटा वाळवल्याशिवाय तो वास जात नाही, सांडलेल्या दुधाचाही नाही.

परफ्यूमच्या बाटल्या मी गाडीतून काढून टाकल्या आहेत. आंब्याच्या पेट्या, फणस, कधी वहिनीने बांधून दिलेलं सुकट असा आमचा परतीचा माल असतो आणि त्याचा वास मला चालतो, तो कुठून येतो ते ठाऊक असतं. परफ्यूम मात्र सगळ्यावर पांघरूण घालतो, पेट्रोलवर, कूलंटवर, जळक्या वायरवरही.

९. सडक्या अंड्याचा वास पूर्वी जास्त यायचा. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन मिळू लागलं, त्यात गंधक दहा लाख भागांत दहा भागांपर्यंतच असतं, आधी पन्नास असायचं. तरी सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थकला किंवा पेट्रोल जास्त पडायला लागलं की हा वास येऊ शकतो. बॉनेटजवळ येत असेल तर बॅटरी बघावी. अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडला की व्होल्टेज साडेचौदाच्या वर चढत जातं, बॅटरी तापते, फुगते, आणि तिच्यातून हायड्रोजनही निघत असतो. ठिणगी तिथे नको. आणखी एक, सडक्या अंड्याच्या वासाचा हा वायू दाट असेल तर वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. म्हणून इथेही वास ‘गेला’ म्हणून थांबू नये, उतरून मोकळ्या हवेत जावं.

१०. सगळ्यात घातक वायूला वास नाही. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड नाकाला कळत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. गंजलेल्या सायलेन्सरचा जोड सुटलेला, डिकीचं रबर फाटलेलं किंवा सामान मावत नाही म्हणून डिकी दोरीने अर्धवट बांधलेली, अशा वेळी धूर मागून आत खेचला जातो. धुराच्या बाकीच्या वायूंना वास असतो, तेवढीच खूण. गाडीत सगळ्यांचं एकदम डोकं दुखायला लागलं, मळमळलं, पेंग आली तर घाटाची वळणं किंवा रात्रीचं जागरण म्हणून सोडून देऊ नये. काचा उघडाव्यात, थांबावं, उतरावं.

आणि एसी लावून उभ्या गाडीत झोपणं. लांबच्या प्रवासात दमलेले ड्रायव्हर हे करतात, लग्नाच्या वऱ्हाडाच्या गाड्यांचे ड्रायव्हर तर सर्रास, मांडवामागे, भिंतीला लागून, कधी बंद शेडमध्ये. सकाळी त्यांना उठवायला गेलेल्या माणसांच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. आमच्याकडे कार्य असलं की ड्रायव्हरांसाठी पंख्याची खोली आणि गाद्या आधी ठरवते, मग पाहुण्यांच्या खोल्या. खोली मिळणार नसेल तर निदान इंजिन बंद, काचा चार बोटं खाली आणि डासांसाठी जाळी, एवढं त्यांच्या हातात देऊन मगच झोपायला जाते.